तीनशे दहा मिलिलिटर

जुलैतला दुसरा शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. सर्व्हिसचं बिल ४,८६० रुपये, त्याच दुपारी भरलेलं. हजर पाच जण: गाडीच्या मालकीण वनजाक्षी मॅडम, सर्व्हिस मॅनेजर नटराज, फ्लोअर सुपरवायझर प्रकाश, मेकॅनिक मंजुनाथ आणि मी. बॉनेट उघडं होतं. मी डिपस्टिक ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली. ती कोरडी होती.

डिपस्टिक म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी लांब पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी चालवू नये. पट्टीला ऑइलचा थेंबही नसेल तर काय करावं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं, कारण तशी गाडी वर्कशॉपमधून बाहेर जाईल असं पुस्तक लिहिणाऱ्याला वाटत नाही.

ही आमच्याच वर्कशॉपमधून दुपारी सव्वातीनला बाहेर गेली होती.

आमचं वर्कशॉप म्हैसूरला हेब्बाळच्या इंडस्ट्रियल एरियात होतं. मी तिथं क्वालिटी इन-चार्ज होतो. प्रत्येक गाडीचं एक जॉब कार्ड असतं. काय काम करायचं ते त्यावर छापलेलं असतं, आणि काम होईल तशी एकेका ओळीपुढे टिक पडते. कार्डावर तीन सह्या लागतात. पहिली मेकॅनिकची, दुसरी सुपरवायझरची, तिसरी माझी. माझी सही पडली की गाडी ग्राहकाच्या हातात जाते. या गाडीच्या कार्डावर तिन्ही सह्या होत्या, आणि ‘इंजिन ऑइल भरणे, साडेतीन लिटर’ या ओळीपुढे टिकही होती.

वनजाक्षी मॅडम निवृत्त शिक्षिका. हायस्कूलला गणित शिकवायच्या. वय तेव्हा चौसष्ट. सरस्वतीपुरममध्ये एकट्या राहायच्या. गाडी आठ वर्षांची, पण घासूनपुसून ठेवलेली. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये गाडी बाहेर जाताना मीटर ४१,२८७ होता. त्यांच्या दारात ४१,२९४. म्हणजे सात किलोमीटर. डॅशबोर्डवर तेलाच्या बुधल्यासारखा लाल दिवा पहिल्यापासून लागलेला होता.

“दिवा दिसत होता तर थांबायचं ना, मॅडम,” नटराज म्हणाले.

“तुमच्याच माणसानं सांगितलं, सर्व्हिसनंतर एक दिवा थोडा वेळ दिसेल, आपोआप जाईल. कुठला दिवा ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही, ती माझी चूक. घराजवळ आवाज यायला लागला. डब्यात खडे हलवल्यासारखा. मग बंद केली ती परत चालू केली नाही.”

“किती वेळ चालली?” मी विचारलं.

“वीस मिनिटं. सिग्नल धरून.”

त्यांनी परत चालू केली नाही म्हणूनच पुढचं सगळं घडू शकलं. गाडी क्रेनवर चढवून आणली होती.

नटराजनी मला बाजूला घेतलं. “राव, आधी ऑइल भरा. दिवा गेला की विषय संपला.”

माझं नाव अशोक पवार. पण म्हैसूरला आमच्या लोकांच्या नावामागे राव लागतो आणि मग तेवढंच उरतं. आमचे पूर्वज इथल्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते. आता आमच्यात कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत, मी गॅरेजात. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी.

मी म्हटलं, “भरू या. आधी आतलं काढून मोजतो.”

“मोजून काय करणार?”

“लिहून ठेवणार.”

मंजुनाथनं खालचा प्लग उघडला. मी मोजपात्र धरलं. जुनं ऑइल काढून टाकलं तरी इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत थोडं राहतंच. ते ठिबकत आलं. तीनशे दहा मिलिलिटर. साडेतीन हजाराच्या जागी तीनशे दहा. मी कार्डाच्या मागे आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि खाली सही केली. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

मग साडेतीन लिटर भरलं. नटराजनी स्वतः चावी फिरवली. चार-पाच सेकंद खडखड झाली, मग आवाज बसला. लाल दिवा गेला.

“बघा मॅडम. इंजिन ओके.”

“ओके म्हणजे किती ओके?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे काही झालेलं नाही.”

त्या माझ्याकडे वळल्या. “राव अवरे, तुम्ही सांगा. आकडा तुम्ही लिहिलात.” अवरे म्हणजे आपल्याकडचं ‘साहेब’.

इथं मला थोडं समजावून सांगावं लागेल. इंजिनात एक जाड लोखंडी दांडा फिरत असतो, त्याला क्रँक म्हणतात. तो ज्या कड्यांमध्ये फिरतो त्या कड्या म्हणजे बेअरिंग. क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना लागत नाहीत. मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ. दाबानं ऑइल येत राहिलं तर तो टिकतो. दाब गेला की लाल दिवा लागतो आणि लोखंड लोखंडाला लागतं. वीस मिनिटं लागलं तर बेअरिंगवर ओरखडे पडू शकतात. पडले नाहीत असंही होऊ शकतं. वरून आवाज ऐकून ते कळत नाही. ओरखडे असतील तर गाडी महिना चालेल, वर्ष चालेल, आणि एक दिवस भर रस्त्यात बेअरिंग धरेल. इंजिन जागीच अडकेल.

मी म्हटलं, “आज सांगता येणार नाही, मॅडम. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उघडून बेअरिंग बघावं लागेल.”

“फॅक्टरीचं सीलबंद इंजिन कारण नसताना उघडू नये,” नटराज म्हणाले.

“तुमची गाडी असती तर?” त्यांनी परत मलाच विचारलं.

“उघडली असती.”

“मग उघडा. दर रविवारी मी बेट्टदपुरला जाते. माझा भाऊ अंथरुणावर आहे. जायला सत्तर किलोमीटर, यायला सत्तर. एकटी असते. हुणसूरच्या पुढे मला तुमचं ओके चालणार नाही.”

चावी त्यांनी नटराजच्या हातात दिली नाही. माझ्या हातात दिली आणि रिक्षा बघायला फाटकाकडे गेल्या.

त्या गेल्यावर नटराज जे बोलले ते त्यांच्या बाजूनं खोटं नव्हतं. ही चूक आमची होती. कंपनीची वॉरंटी अशा चुकीला लागत नाही. चेंबर उघडला आणि क्रँकवर ओरखडा निघाला तर हाफ इंजिन बदलावं लागेल, म्हणजे इंजिनाचा खालचा अर्धा भाग. एस्टिमेट ९२,४०० रुपये. ते ब्रँचच्या नावावर पडणार. उघडलाच नाही तर काहीच निघणार नाही.

“आणि कोणाला जबाबदार धरणार?” मी विचारलं.

“ज्यानं ऑइल भरलं नाही त्याला. सोमवारी मंजुला पत्र देतो. घरी जाऊ दे.”

मंजुनाथ तिथंच उभा होता. एकोणीस वर्षं त्यानं या वर्कशॉपमध्ये काढली होती. तो म्हणाला, “सार, मी ऑइल भरलं असं म्हणालोच नाही.”

“म्हणालास,” प्रकाश म्हणाला. “मी विचारलं, तू सांगितलंस, मग मी टिक केली. मी काय आंधळा आहे?”

“आंधळा नाहीस. खोटारडा आहेस.”

दोघं एका गावचे, एका मोटारसायकलवरून येणारे. त्या संध्याकाळी प्रकाश मोटारसायकलवर एकटा गेला आणि मंजुनाथ बस स्टॉपकडे चालत गेला.

जाताना नटराज मला म्हणाले, “राव, तिसरी सही तुमची आहे. म्हणून तुमच्या भल्याचं सांगतो.”

ते खरं होतं. तिसरी सही करण्याआधी मी स्वतः डिपस्टिक बघायची असते. त्या दिवशी एकोणचाळीस गाड्या होत्या. ही गाडी धुण्याच्या शेडमध्ये पोचली होती, बॉनेटवरून पाणी गळत होतं. मी प्रकाशला लांबूनच विचारलं, सगळं झालं? तो म्हणाला, झालं. मी सही केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत डिपस्टिक न बघता मी किती सह्या केल्या, हे मला सांगता येणार नाही. ही पहिली असेल असं समजायला काही आधार नाही.

मंडी मोहल्ल्यात माझं घर आहे. तीन खोल्या. सुनंदा, माझी बायको, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगी मीरा लग्न होऊन पुण्याला. मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजत बसलो. साडेसातला मीराचा फोन येतो. दिवसभरातली माझी मराठी तेवढीच असते, बारा-पंधरा मिनिटं. बाकी दिवस कन्नडात जातो, आणि बाकीची संध्याकाळ कशातच जात नाही.

“बाबा, आज माझी फजिती झाली,” ती म्हणाली. “सासूबाई आतून म्हणाल्या, दूध वर आलंय, गॅस बंद कर गं. मी म्हटलं, झालं. आणि कांदा चिरत राहिले. सगळं दूध ओट्यावर.”

“मग?”

“मग काय. म्हणाल्या, झालं म्हणालीस ना? मी म्हटलं, झालं म्हणजे करते. त्या म्हणाल्या, झालं म्हणजे झालं. हे खो-खो हसत होते. बाबा, आपण असंच बोलतो ना? की मी एकटीच?”

“आपण असंच बोलतो.”

“पुण्यात झालं म्हणजे संपलं. हो म्हणायचं तर हो म्हणतात.”

“आपलं ते कन्नडातून आलंय,” मी म्हटलं. “आय्तु.”

आय्तु हा शब्द मी जन्मापासून दिवसाला शंभर वेळा ऐकत आणि बोलत आलो. आय्तु म्हणजे झालं, काम संपलं. आणि आय्तु म्हणजे बरं, ठीक आहे, करतो. दोन्ही. कुठलं ते आवाजावरून, चेहऱ्यावरून कळतं. समोरासमोर असलं तर कळतं. आमच्या घरच्या मराठीत त्याचंच ‘झालं’ झालं. सुनंदा मला भाजी आणायला सांगायची, मी पेपरातून डोकं न काढता ‘झालं’ म्हणायचो, आणि तिला बरोबर कळायचं की अजून काही झालेलं नाही.

“बाबा, आहात ना?” मीरानं विचारलं.

“आहे. ठेवू का? एक काम आठवलं.”

“आत्ता कुठलं काम?”

मी सांगू लागलो, पण जॉब कार्ड, चेंबर, नटराज, सगळं पहिल्यापासून सांगायला लागलं असतं. तिच्या मागे घरात माणसं बोलत होती. मी म्हटलं, उद्या सांगतो. कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब चुकला होता. भात गिच्च झाला. तोच खाल्ला.

शनिवारी सकाळी मी दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी मंजुनाथ.

“काल तू नक्की कुठला शब्द बोललास? अर्थ नको. शब्द सांग.”

“सार, मी जुनं ऑइल काढलं. फिल्टर बदलला. प्लग लावला. ऑइल भरायची गन दोन नंबरच्या बेवर उभ्या गाडीत अडकली होती. मी वाट बघत होतो. प्रकाश तिकडून ओरडला, मंजु, ऑइल हाकप्पा.” हाकप्पा म्हणजे घाल रे बाबा. “मी म्हटलं, आय्तु.”

“म्हणजे?”

“म्हणजे घालतो. गन मिळाली की घालतो. तेवढ्यात मॅनेजरसारांनी सात नंबरच्या गाडीला बोलावलं. मग जेवणाची बेल. परत आलो तर बेवर गाडी नाही. सही मी काम सुरू करतानाच करून ठेवली होती. मला वाटलं प्रकाशनं दुसऱ्याकडून घालून घेतलं.”

“विचारलं नाहीस?”

“नाही विचारलं. ते माझं चुकलं.”

मग प्रकाश. त्याच्या हातात एकाच वेळी पाच गाड्यांची कार्डं होती. तो म्हणाला, “मी ओरडून विचारलं, ऑइल हाकिदप्पा?” म्हणजे घातलंस का रे. “तो म्हणाला आय्तु. मी टिक केली.”

हाकप्पा आणि हाकिदप्पा. घाल आणि घातलंस का. मधे एक ‘द’. तीन बे पलीकडून, हवेचा कंप्रेसर चालू असताना. कोणाचं तोंड चुकलं की कोणाचा कान, हे मला आजही माहीत नाही. उत्तर मात्र दोन्ही प्रश्नांना चालणारं होतं. आणि नंतर धुण्याच्या शेडपाशी मी प्रकाशला जे विचारलं होतं, तोही शब्द हाच होता. आय्तु? आय्तु. मी ‘संपलं का’ विचारत होतो. तो ‘टिक आहे’ म्हणत होता.

मी दीड पानाचा रिपोर्ट लिहिला. त्यात कोणी खोटं बोललं असं लिहिलं नाही, कारण कोणी बोललं नव्हतं. तीन नावं लिहिली, क्रमानं, प्रत्येकानं काय करायला हवं होतं आणि काय केलं. तिसरं नाव माझं. शेवटी लिहिलं: इंजिनात ३१० मिलिलिटर, चाल सात किलोमीटर, वेळ वीस मिनिटं, बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी देऊ नये.

नटराजनी उभ्यानं वाचला.

“राव, तुम्ही शब्दाचा अर्थ लिहिलाय रिपोर्टमध्ये?”

“हो.”

“मालक हसतील. म्हणतील, म्हैसूरला कन्नड शिकवायला एक मराठा ठेवलाय.”

“हसू देत. पण वाचू देत.”

“परत घ्या हा. मंजुला मी पत्र देत नाही, ताकीद देतो. तुमचं नाव कुठंच येणार नाही. चेंबर उघडायचा नाही. मॅडमना एक सर्व्हिस फुकट. सगळे सुखी.”

हे मी खरंच विचारात घेतलं. खोटं कशाला सांगू. अर्धा तास मी स्पेअर पार्ट्सच्या खोलीत बसलो, जिथं मी एरवी डबा खातो. मंजुची नोकरी राहत होती. माझं नाव वाचत होतं. प्रश्न फक्त हुणसूर रोडवरचा होता, आणि तो कदाचित कधीच आला नसता. मी कोणाला तरी विचारलं असतं. सुनंदाला विचारलं असतं. ती म्हणाली असती, मला गाडीतलं काय कळतं, आणि मग बरोबर सांगितलं असतं. मीराचा फोन साडेसातला येतो. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

मी रिपोर्ट मालकांना ईमेल केला. कॉपी नटराजना.

मालकांचा फोन संध्याकाळी आला. त्यांना शब्दाच्या अर्थात रस नव्हता. “हा तीनशे दहा आकडा ग्राहकानं बघितलाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघितलाय, आणि त्यांनी आज सकाळी हातानं लिहिलेलं पत्र ऑफिसात आणून दिलंय, त्यातही तोच आकडा आहे, आणि ४१,२८७ आणि ४१,२९४. ते म्हणाले, “उघडा.”

सोमवारी गाडी लिफ्टवर चढवली. काम मंजुनाथनंच करावं असं मी सांगितलं. नटराज ऑफिसातून बाहेर आले नाहीत. प्रकाशला अचानक दुसऱ्या टोकाला काम निघालं. लिफ्टखाली मंजु आणि मी.

आधी प्रेशर गेज लावून ऑइलचा दाब मोजला. इंजिन थंड असताना बरोबर. तापल्यावर थोडा कमी, पण मर्यादेत. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते. चारही जवळजवळ सारखे. मंजुच्या खांद्याचा ताण जरा सैल झाला. मग चेंबर काढला. आतल्या ऑइलमध्ये मी बोट फिरवून उजेडात धरलं. लोखंडाची चमक असेल तर ती बोटावर दिसते, चंदेरी भुकटीसारखी. किंचित होती.

बेअरिंग एकेक काढून टेबलावर पांढऱ्या कापडावर मांडलं. पहिलं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्यावर नखाला लागतील असे दोन ओरखडे. चौथ्यावर एक, फिका. क्रँक मी मायक्रोमीटरनं मोजला, प्रत्येक जागी दोन-दोन वेळा, आणि मग परत एकदा. त्याला काही झालेलं नव्हतं. म्हणजे हाफ इंजिन नको. चार बेअरिंग, एक गॅस्केट, नवं ऑइल, नवा फिल्टर.

“वाचलं, सार,” मंजु म्हणाला.

“वाचलं.”

“नसतं उघडलं तर?”

“माहीत नाही. वर्षभर चाललं असतं कदाचित. कदाचित हुणसूरपर्यंतही नाही.”

तो बेअरिंग पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “राव सार, तुम्ही खरं लिहिलंत. मला काढणार होते, ते तुमच्या रिपोर्टमुळे थांबले, तेही मला कळतं. पण माझं नाव मालकांच्या टेबलावर गेलं. एकोणीस वर्षांत गेलं नव्हतं. लिहिण्याआधी एकदा मला सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?”

“लिहा म्हणालो असतो.”

मी मायक्रोमीटर पेटीत ठेवला.

त्या आठवड्यापासून वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी बदलल्या. एक, कार्डावर ऑइलच्या ओळीपुढे टिक बंद झाली. तिथं भरलेले लिटर आणि वेळ लिहायची, आणि लिहायची भरणाऱ्यानंच. तोंडी उत्तर द्यायचं तर ‘घातलं’ किंवा ‘घालतो’, पूर्ण क्रियापद. लोक माझी नक्कल करायचे. जेवायला जाताना कोणी ‘चला’ म्हटलं की प्रकाश मोठ्यानं म्हणायचा, “येतो. आलो नाही. येतो. राव सार, बरोबर?” सगळे हसायचे. मीही हसायचो. दुसरी गोष्ट, अकराचा चहा. आधी आम्ही तिघं चार नंबरच्या बेपाशी उभ्यानं प्यायचो, प्रकाश, मंजु आणि मी. प्रकाश आणि मंजु महिन्याभरात परत एका मोटारसायकलवरून यायला लागले, आणि चहाही परत एकत्र प्यायला लागले. माझा कप मात्र कँटीनवाला माझ्या टेबलावर ठेवून जायचा. कोणी त्याला तसं सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी निवृत्त होईपर्यंत तो टेबलावरच येत राहिला.

गाडी बुधवारी दिली. नटराजनी लेटरहेडवर लिहून दिलं की दोन वर्षं किंवा चाळीस हजार किलोमीटरपर्यंत बेअरिंगचं काही निघालं तर खर्च आमचा. मॅडमनी मसुदा दोनदा परत पाठवला. एकदा ‘किंवा’ कुठे यावा यावरून, एकदा तारखेवरून. तिसऱ्यांदा सही झाली.

मग त्यांनी पर्समधून एक कागद काढला. गाडी नसल्यामुळे झालेला खर्च. रविवारी बेट्टदपुरला जायची-यायची टॅक्सी १,६००. रिक्षा ६५९, भाडं आणि ठिकाण ओळीनं लिहिलेलं. एकूण २,२५९.

“हे कुठल्या हेडखाली टाकू, मॅडम?” नटराज म्हणाले. “टॅक्सीला आमच्याकडे हेडच नाही.”

ते आत गेले. मी मॅडमना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि पाकिटातून सातशे त्रेपन्न रुपये काढून दिले.

त्यांनी मोजले. “हे काय?”

“कार्डावर तीन सह्या आहेत. एक माझी आहे. हा तिसरा भाग.”

“आणि बाकीचे दोन?”

“ते माझे नाहीत.”

त्या पहिल्यांदाच थोड्या हसल्या. “सगळे दिले असतेत तर मी घेतले नसते,” त्या म्हणाल्या. सगळे दिले असते तर चूक माझ्या एकट्याची झाली असती. तेवढी ती नव्हती. गाडीच्या टपावर कागद ठेवून त्यांनी पावती लिहिली: तीन भागांपैकी एक मिळाला, रु. ७५३, बाकी रु. १,५०६. मी ती घेतली. प्रकाशला आणि मंजुनाथला मी काही सांगितलं नाही, पण फाटक उघडं होतं आणि चार नंबरचा बे तिथून वीस पावलांवर आहे.

पुढच्या सर्व्हिसला मॅडम सहा महिन्यांनी आल्या. बेअरिंग उत्तम होतं. ऑइल मी स्वतः त्यांच्यासमोर मोजून घातलं. जाताना म्हणाल्या, “राव अवरे, आता बाकी फक्त एक भाग राहिला.”

“कोणी दिला?”

“दसऱ्याच्या आठवड्यात मंजुनाथ घरी येऊन देऊन गेले. पावती नको म्हणाले. तुम्हाला सांगू नका असंही म्हणाले. पण हिशेब अर्धवट ठेवणं मला जमत नाही.”

मी वळून बघितलं. मंजुनाथ दुसऱ्या गाडीखाली होता, फक्त बूट दिसत होते. मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही.

अखेरचा हिशेब असा. बेअरिंग, गॅस्केट, ऑइल आणि फिल्टर मिळून ७,९३० रुपये डीलरनं सोसले. माझा त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह ४,५०० रुपये कापला गेला. प्रकाशचा आणि मंजुनाथचा प्रत्येकी एका महिन्याचा. वनजाक्षी मॅडमना २,२५९ पैकी १,५०६ मिळाले. शेवटचे ७५३ आले नाहीत. या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच की सही करण्याआधी बॉनेट उघडावं, ओलं असलं तरी. त्याला दीड मिनिट लागतं. मी नंतर घड्याळ लावून बघितलं.